विरळणी

कॉलेज रोडवर, दुसऱ्या मजल्यावर,
मी कुरळे केस सरळ करते.
अठराशे रुपये, लांबीप्रमाणे जास्त.
पट्टी तापते, धूर येतो थोडा,
आणि वळण निघून जातं
इस्त्रीखालच्या चुणीसारखं.
माझे स्वतःचे मी रुमालात बांधून ठेवते.
गिऱ्हाईक विचारत नाही.

शनिवारी एक मुलगी आली, मामीबरोबर.
दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते.
"काहीतरी करा या झिपऱ्यांचं," मामी म्हणाली,
"भांगसुद्धा दिसत नाही."
मुलगी आरशात बघत नव्हती,
आरशाखालच्या बाटल्यांवरची नावं वाचत होती.

मी तिची क्लिप काढली.
केस खाली पडले नाहीत,
बाहेर आले, चहूकडे,
कोंडलेलं कुणी अंगणात यावं तसे.
माझ्या बोटांना आधी कळलं, मला नंतर.
"गाव कुठलं गं?"
"पेठकडचं." मग हळूच, "कोहोर."

आई आमची दिंडोरीच्या बागांत विरळणीला जायची.
पहाटेचा टेम्पो, कात्री कमरेला.
दीडशे मण्यांच्या घडात साठ-सत्तर ठेवायचे
आणि घडाला कळता कामा नये.
रविवारी तीच बोटं माझ्या डोक्यात यायची.
चुलीवर काळ्या कढईत शिकेकाई, रिठे,
जास्वंदीचा मूठभर पाला.
खुरासणीचं तेल वाटीत, वाटी गरम राखेत.
तिच्या लुगड्याला आठवड्याच्या फवारणीचा वास,
तो शिकेकाईच्या वाफेत हळूहळू हरवायचा.
फणी बांबूची, रुंद दातांची, मामानं तासलेली.
सुरुवात शेंड्यांकडून.
चार बोटं सुटली की चार बोटं वर.
मुळाशी सगळ्यात शेवटी.
"गुत्याशी भांडायचं नाही," ती म्हणायची,
"त्याला काय पाहिजे ते इचारायचं."
मी रडले की फणी थांबायची,
कढईतली वाफ तेवढी चालू.

एकदा शाळेत बाईंनी मला मागच्या बाकावर बसवलं,
माझ्या डोक्यामुळे मागच्यांना फळा दिसत नाही म्हणून.
आई शाळेत भांडायला गेली नाही. रोज बुडाला असता.
त्या रात्री मात्र, बुधवार असून,
तिनं राखेत वाटी ठेवली.
इतका वेळ तिनं कधीच लावला नव्हता.
मी झोपले तेव्हाही फणी चालू होती.

मुलीचं डोकं मी बेसिनमध्ये टेकवलं.
पाणी कोमट, गंगापूर धरणाचं, नळातून आलेलं.
शाम्पू कंपनीचाच.
पण कंगवा बाजूला ठेवला,
बोटांनी गेले, शेंड्यांकडून.
मामीनं दोनदा घड्याळ पाहिलं.
मुलीची मान सैल झाली, तोंड जरासं उघडलं,
झोपली ती.
आणि ओल्या केसांनी माझ्या हातात
एकेक वळण परत घेतलं,
जणू पट्टी, पाहुणे, मामी,
यांतलं कुणी या शहरात राहतच नाही.

मग मी ते सरळ केले.
हो, केले.
गाळ्याचं भाडं पाच तारखेला द्यायचं असतं,
आणि विचारल्यावर मान तिनेच हलवली होती.
संपलं तेव्हा ती आरशात बघून हसली,
एकदा, पटकन, कुणी बघत नाही ना बघून.
छान दिसत होती. खोटं कशाला सांगू.

"तीन दिवस पाणी लावू नको," मी म्हटलं,
ते सगळ्यांनाच सांगते.
मग खणातली माझी बाटली काढली,
खुरासणीच्या तेलाची, अर्धी उरलेली.
मामी म्हणाली, "हे कशाला? याचे पैसे वेगळे?"
"पैसे नाहीत. नंतरसाठी आहे."

मुलीनं बाटली हुंगली
आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं,
रुमालाकडे, रुमालाखालून सुटलेल्या एका बटेकडे.

"अडीच-तीन महिन्यांत परत येतील," मी म्हटलं,
"मुळाकडून. बोटभर.
तेव्हा भांडू नको."